बायबलमधल्या वचनाचा मागोवा कसा घ्यावा: यिर्मया २९:११ पासून सुरुवात

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, बारावीच्या निकालाच्या दिवशी येणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात, इस्पितळातल्या खाटेशेजारी ठेवलेल्या कार्डावर यिर्मया २९:११ हे वचन हमखास भेटते. आशय असा: तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हांला भविष्य आणि आशा देणारे आहेत. नव्याने बायबल वाचणाऱ्याला हे वचन आधी पाठ होते आणि मग कधीतरी प्रश्न पडतो: हे मुळात कोणी, कोणाला आणि कधी म्हटले?

तो प्रश्न पडला की पुढे काय करायचे, ते या लेखात पायरी-पायरीने लिहिले आहे. ही वाट मी पाळकांना विचारत, ग्रंथालयात बसून आणि आमच्या मंडळीच्या अभ्यासगटात वाद घालत चाललो आहे. सुरुवातीला सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो साधनांच्या गर्दीमुळे. म्हणून एकच वचन हाताशी धरून सगळ्या पायऱ्या दाखवतो. यिर्मयाच्या पुस्तकाची मूळ भाषा हिब्रू; ती येत नसली तरी चालेल. मराठी बारकाईने वाचायची सवय असली, की निम्मे काम झालेच म्हणून समजा. तुम्ही ख्रिस्ती आहात, ज्यू आहात की केवळ साहित्याचे विद्यार्थी आहात, याने पायऱ्या बदलत नाहीत.

हाताशी काय हवे

- बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मराठी पवित्र शास्त्र, शक्यतो संदर्भवचने असलेली आवृत्ती.
- दुसरे एखादे मराठी भाषांतर. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतः भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली छापून आले. मिळाले तर जरूर वाचा. नव्या करारासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' उपयोगी पडते.
- इंग्रजी वाचता येत असेल तर स्टेप बायबल किंवा बायबल हब. दोन्ही फुकट आहेत आणि प्रत्येक शब्दाखाली मूळ शब्द दाखवतात.
- पश्चिम आशियाचा प्राचीन नकाशा. पुष्कळ बायबलांच्या शेवटी तो छापलेला असतो.
- वही. मोबाइलवर टिपणे काढली की ती विखुरतात. वहीत एका वचनाला दोन समोरासमोरची पाने द्या.

१. आधी वचन सोडा, पत्र वाचा

पहिल्या बैठकीत अकराव्या वचनाकडे बघूच नका. यिर्मयाचे २७, २८ आणि २९ हे तीन अध्याय एका दमात वाचा, शक्यतो मोठ्याने. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टनच्या काळातली. नव्या करारातले वचनांचे आजचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. यिर्मयाच्या मनात यातले काहीच नव्हते. जिथे आकडा संपतो तिथे विचार संपतोच असे नाही.

या तीन अध्यायांत जे घडते ते मोठे नाट्यमय आहे. यिर्मया हा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, गळ्यात जू घालून यरुशलेमात फिरतो आणि सांगतो, बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाच्या जुवाखाली मान द्या. मग हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि लोकांच्या देखत म्हणतो: दोन वर्षांत हे जू मोडेल, मंदिरातून लुटून नेलेली पात्रे परत येतील, पाडाव (युद्धकैदी) करून नेलेला राजाही परत येईल. आणि तो यिर्मयाच्या मानेवरचे लाकडी जू काढून मोडतो. यिर्मया त्या वेळी मुकाट निघून जातो. नंतर निरोप घेऊन परततो: लाकडाचे मोडलेस, आता त्या जागी लोखंडाचे येईल. हनन्या त्याच वर्षी मरतो.

यानंतर एकोणतिसावा अध्याय येतो. हे यरुशलेमातून पाडाव करून बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. त्याची सुरुवात अशी की घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा, त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलांची लग्ने करून द्या. ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्यासाठी प्रार्थना करा. लवकर सुटका सांगणाऱ्या संदेष्ट्यांच्या नादी लागू नका. आणि दहावे वचन: बाबेलची सत्तर वर्षे भरल्यावर मी तुमची दखल घेईन.

आता अकरावे वचन वाचा. हिब्रूत ते 'की' या शब्दाने सुरू होते. त्याचा अर्थ इथे 'कारण' किंवा 'कारण की'. म्हणजे अकरावे वचन दहाव्याला बांधलेले आहे. हिताचे संकल्प हे सत्तर वर्षांच्या मुदतीचे स्पष्टीकरण आहे. कार्डावर छापताना 'कारण' गळते आणि त्याबरोबर सत्तर वर्षेही गळतात.

कोणतेही वचन घ्या, सुरुवातीच्या 'कारण', 'म्हणून', 'परंतु', 'तेव्हा' या शब्दांवर पेन्सिलने गोल करा. ही सवय एकटी लागली तरी निम्मे गैरसमज टळतात.

२. कोण, कोणाला, कोणाच्या हाती

वहीच्या डाव्या पानावर चार ओळी लिहा: लिहिणारा, ऐकणारे, नेणारा, विरोधक. या अध्यायात चारही उत्तरे मजकुरातच आहेत, ही नवशिक्यासाठी पर्वणीच म्हणायची.

लिहिणारा यिर्मया, यरुशलेमातच मागे राहिलेला. ऐकणारे म्हणजे वडीलजन, याजक, संदेष्टे आणि राजा यखन्याबरोबर नेलेले सर्व लोक. दुसऱ्या वचनात राजमाता, दरबारी, कारागीर आणि लोहार यांचा उल्लेख आहे. नगर चालवणारी, बांधणारी, शस्त्रे घडवणारी माणसे वेचून नेली होती. गरिबातल्या गरिबांना मागे ठेवले, असे २ राजे २४:१४ सांगते. पत्र नेणारे दोघे, शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या. यरुशलेमच्या सिद्कीया राजाने बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्याकडे जे राजदूत धाडले तेच हे. म्हणजे बंड करू नका असे सांगणारे पत्र सरकारी दूतांच्या हातून, सम्राटाच्या राजधानीत गेले. शाफानाचे घराणे यिर्मयाच्या पाठीशी होते. त्याच घरातल्या अहीकामाने पूर्वी त्याचा जीव वाचवला होता (२६:२४).

इथे सारख्या नावांचा खड्डा आहे, आणि त्यात पुष्कळ जण पडतात. याच अध्यायात अहाब नावाचा खोटा संदेष्टा आहे; तो एलीयाच्या गोष्टीतला अहाब राजा नव्हे, दोघांत अडीच शतकांहून अधिक अंतर आहे. सिद्कीया नावाचा राजा आहे आणि सिद्कीया नावाचा खोटा संदेष्टाही आहे. सफन्या इथे याजक आहे. सफन्याचे पुस्तक वेगळ्याच माणसाचे. गमऱ्यांचीही जोडी आहे. यरुशलेमात दावीदनगराच्या उत्खननात 'शाफानाचा मुलगा गमऱ्या' असे उमटवलेला मातीचा शिक्का सापडला. तो बहुधा ३६व्या अध्यायातल्या गमऱ्याचा. पत्र नेणारा गमऱ्या हिल्कीयाचा मुलगा, म्हणून या शिक्क्याचा आपल्या पत्राशी थेट संबंध जोडू नका. नावापुढे बापाचे नाव लिहून ठेवायचे, हाच यावर उपाय.

आणखी एक. राजा यखन्या, यहोयाखीन आणि कोन्या ही एकाच माणसाची तीन नावे आहेत. त्याचा बाप यहोयाकीम. ख आणि क यांच्यात गल्लत होऊ देऊ नका.

३. कालरेषा आखा

उजव्या पानावर एक आडवी रेघ ओढा. इसवीसनापूर्वीची वर्षे उलटी मोजायची असतात. ५९७ हे ५८६ च्या आधी येते. पहिल्यांदा मोजताना बोटे घालावी लागली तरी हरकत नाही.

इ.स.पू. ६०९: योशीया राजा मगिद्दो येथे मारला जातो.
इ.स.पू. ६०५: कर्कमीशच्या लढाईत बाबेल मिसरवर (इजिप्तवर) मात करतो.
इ.स.पू. ५९७: यरुशलेम शरण. अठरा वर्षांच्या यहोयाखीनाला, गादीवर बसून तीन महिने होतात न होतात तोच, पाडाव करून नेले जाते. सिद्कीया गादीवर.
इ.स.पू. ५९४ च्या सुमारास: जू मोडण्याचा प्रसंग (सिद्कीयाचे चौथे वर्ष, २८:१). पत्राची नेमकी तारीख दिलेली नाही, पण ते याच काही वर्षांतले.
इ.स.पू. ५८६: यरुशलेम आणि मंदिर भस्मसात. काही अभ्यासक ५८७ धरतात.
इ.स.पू. ५३९: पारसाचा (इराणचा) राजा कोरेश बाबेल जिंकतो, त्यानंतर परतीची परवानगी.
इ.स.पू. ५१५: दुसरे मंदिर पूर्ण.

रेघ आखून झाली की पत्राच्या जागी बोट ठेवा. मंदिर अजून उभे आहे. ऐकणाऱ्यांना वाटते आहे की चारदोन वर्षांत घरी जाऊ. त्या वेळी चाळिशीत असलेला लोहार सत्तर वर्षांनंतर जिवंत असणे शक्य नाही. त्याला हे वचन वाचून दाखवले तेव्हा त्याने काय ऐकले असेल? तू परत जाणार नाहीस. तुझी नातवंडे जातील. तोवर घर बांध. या वचनातली आशा इतकी लांब पल्ल्याची आहे.

'सत्तर' हा आकडा नेमका कुठून कुठवर मोजायचा यावर मते वेगळी आहेत. ६०९ ते ५३९ हे अंतर बरोबर सत्तरचे. मंदिर पडल्यापासून ते पुन्हा उभे राहीपर्यंतही जवळजवळ सत्तरच वर्षे होतात. जखऱ्या १:१२ आणि दानीएल ९:२ इथे त्याच आकड्याची आठवण निघते. ती वचने समासात लिहून ठेवा. नवशिक्याने या वादात फार वेळ घालवू नये. एका माणसाच्या आयुष्याएवढा काळ, एवढे कळले तरी पत्र समजते.

४. नकाशा

ही पायरी लहान आहे. यरुशलेम आणि बाबेल यांच्यामध्ये वाळवंट आहे, म्हणून वाट उत्तरेला सूरियातून वर जाऊन फरात (युफ्रेटिस) नदीच्या काठाने खाली उतरते. एज्राला उलट दिशेने यायला चार महिने लागले (एज्रा ७:९). नकाशावर ही वाट बोटाने चालून बघा, म्हणजे एक पत्र पोहोचून उत्तर यायला किती काळ लागत असेल ते ध्यानात येईल. आणि उत्तर आलेच. पंचविसाव्या वचनापुढे वाचा: बाबेलातल्या शमायाने यरुशलेमच्या याजकाला उलट तक्रार लिहिली, की या यिर्मयाला खोड्यात का घातले नाहीस? तो आम्हांला लिहितो की बंदिवास लांबणार आहे, घरे बांधा.

५. बायबलबाहेर काय सापडते

बाहेरचे पुरावे पाहताना दोन टोके टाळा. प्रत्येक खापरीला 'बायबल सिद्ध झाले' म्हणून नाचवू नये आणि पुराव्यांची गरजच नाही असेही म्हणू नये. ते वचनाचा अर्थ ठरवत नाहीत, पण त्यातली माणसे डोळ्यांसमोर उभी करतात.

५९७ च्या स्वारीची बाबेलच्या बाजूची नोंद आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या पाटीवर कीलाक्षरांत लिहिले आहे की नबुखद्नेस्सराने आपल्या सातव्या वर्षी, अदार महिन्याच्या दुसऱ्या दिवशी यहूदाचे नगर, म्हणजे यरुशलेम, घेतले, राजाला पकडले आणि आपल्या पसंतीचा राजा बसवला. मार्च ५९७. इतकी नेमकी तारीख प्राचीन इतिहासात क्वचितच मिळते.

दुसरा पुरावा मला सगळ्यात हलवून सोडतो. रॉबर्ट कोल्डेवे या जर्मन पुरातत्त्वज्ञाने १८९९ ते १९१७ या काळात बाबेलचे उत्खनन केले. त्यातल्या काही पाट्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. त्या कोठारातल्या शिध्याच्या नोंदी आहेत: कोणाला किती तेल दिले. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे आहेत. म्हणजे आपल्या पत्राच्या दुसऱ्या वचनातला तो तरुण राजा, बाबेलात, महिन्याचे तेल मोजून घेताना.

तिसरा पुरावा सामान्य लोकांचा. बाबेलच्या मुलखात 'अल-याहूदू', म्हणजे यहूदाचे नगर, नावाची वस्ती होती. तिच्याशी संबंधित पाट्यांपैकी सर्वांत जुनी इ.स.पू. ५७२ ची आहे. शेतीचे करार, कर्जे, जव, खजूर, बैल असा रोजच्या व्यवहाराचा मामला, आणि नावांत 'याहू' हा देवनामाचा अंश. घरे बांधा, मळे लावा हे शब्द ज्यांना उद्देशून होते त्यांनी खरोखर काय केले, ते यांत दिसते. या पाट्या रीतसर उत्खननातून आलेल्या नाहीत, पुरावस्तूंच्या बाजारातून पुढे आल्या, हेही नोंदवून ठेवा. अभ्यासकांमध्ये त्यावरून नैतिक चर्चा चालू असते.

इराकात राहिलेली ज्यू वस्ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नांदली आणि आपला उगम याच बंदिवासात सांगत आली. तिच्यातली काही घराणी एकोणिसाव्या शतकात मुंबई-पुण्याला आली. पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६७ साली पुरे झाले. तिथून जाताना मला नेहमी यिर्मयाचे पत्र आठवते.

६. मूळ शब्द: थोडे पण नीट

आता अकराव्या वचनाकडे या. स्टेप बायबलवर वचन उघडा, शब्दावर टिचकी मारा. मूळ शब्द आणि त्याचा क्रमांक दिसेल. हे क्रमांक जेम्स स्ट्राँग यांनी १८९० च्या शब्दसूचीत दिले आणि आजही जगभर तेच चालतात. क्रमांकाचा खरा उपयोग असा की तोच शब्द इतरत्र कुठे आला ते शोधता येते. शब्दाचा अर्थ कोशातल्या पहिल्या ओळीत नसतो, त्याच्या वापरात असतो.

शालोम (७९६५). मराठीत 'शांती' म्हणून प्रसिद्ध, पण या अध्यायात प्रचलित मराठी पाठ 'हित' म्हणतो, आणि तेच बरोबर आहे. याकोब मेंढपाळांना लाबानाबद्दल विचारतो, त्याचा शालोम आहे ना? (उत्पत्ती २९:६) म्हणजे तो खुशाल आहे ना. दावीद उरीयाला लढाईचा शालोम विचारतो (२ शमुवेल ११:७). लढाईची शांती विचारणे निरर्थक; लढाई कशी चालली आहे, हे तो विचारतो. सुखरूप असणे, सगळे ठीक असणे, हा गाभा. आता बघा: सातव्या वचनात हा शब्द तीनदा येतो. नगराचा शालोम शोधा, त्याच्या शालोमात तुमचा शालोम. आणि अकराव्यात देव म्हणतो, माझे संकल्प शालोमचे. ज्यांनी आपले नगर जिंकले त्यांच्या नगराच्या हितात स्वतःचे हित गुंफलेले आहे, हे सातवे वचन सांगते आणि अकरावे त्याच शब्दाने त्यावर शिक्का मारते. सातवे सोडून अकरावे घेणे म्हणजे शालोमचा निम्माच भाग घेणे.

मखशावा (४२८४). संकल्प, बेत. हा क्रमांक यिर्मयाच्या पुस्तकात शोधलात की १८:११ सापडेल. कुंभाराच्या घरचा तो प्रसिद्ध अध्याय. तिथे देव म्हणतो, मी तुमच्याविरुद्ध अनिष्ट घडवत आहे, बेत करत आहे. तेच क्रियापद, तेच नाम, आणि 'अनिष्ट' हा शब्दही तोच. २९:११ हे त्या वाक्याचे उलटे रूप आहे: बेत तर आहे, पण हिताचा, अनिष्टाचा नाही. ज्यांनी कुंभाराची गोष्ट ऐकली होती त्यांच्या कानांना हा फेर जाणवला असणार. हे शोधायला हिब्रू व्याकरण लागत नाही, फक्त क्रमांक आणि अर्धा तास.

अखरित आणि तिक्वा. शब्दशः 'शेवट' आणि 'आशा'. दोन नामे जोडून एक कल्पना मांडायची हिब्रूची लकब आहे, म्हणून काही भाषांतरे 'आशेचे भविष्य' अशा अर्थाने घेतात. हीच जोडी ३१:१७ मध्ये पुन्हा भेटते: तुझ्या भविष्याला आशा आहे, तुझी मुले आपल्या सीमेत परत येतील. म्हणजे पुस्तक स्वतःच सांगते की हे भविष्य मुलांच्या रूपाने येणार आहे. कालरेषेवर जे हिशेबाने कळले तेच इथे शब्दांतून कळते. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलात, की निष्कर्षावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

या पायरीवरचे दोन खड्डे.

एक, व्युत्पत्तीचा. 'उपवास' म्हणजे मुळात 'जवळ राहणे', पण साबुदाण्याची खिचडी खाताना तो अर्थ कोणाच्या मनात नसतो. तसेच हिब्रूचे. धातूचा अर्थ वाक्यातल्या अर्थावर लादू नका.

दोन, सगळे अर्थ एकाच वेळी ओतण्याचा. यहोशवा २:१८ मध्ये राहाबेच्या खिडकीतल्या किरमिजी दोरीला 'तिक्वा' हाच शब्द आहे. त्यावरून 'आशा म्हणजे देवाने टाकलेली दोरी' असे प्रवचन ऐकायला सुंदर वाटते. पण २९:११ मध्ये दोरीचा मागमूस नाही. एका जागी शब्दाचा एकच अर्थ चालू असतो, तो वाक्यच ठरवते.

७. मराठीकडे लक्ष द्या

मराठी वाचकाकडे एक साधन आहे जे आजच्या इंग्रजी वाचकाकडे नाही. हिब्रू आणि ग्रीक दोन्हींत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे असतात. आजच्या इंग्रजीत तो भेद पुसला आहे, मराठीत टिकला आहे. २९:११ मध्ये अनेकवचन आहे: तुमच्याविषयी, तुम्हांला. आपल्याकडे 'तुम्ही' आदरार्थीही असल्यामुळे वाचणारा ते सहज स्वतः एकट्यासाठी घेतो. पण प्रचलित मराठी पाठात देव एकट्याशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो. यिर्मयाला पाचारण करताना (१:५) तसेच आहे. म्हणून देवाच्या तोंडी 'तुम्ही' दिसले की ते जनसमूहाला आहे, असे धरून चाला.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण लूक २२:३१-३२. येशू पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. चाळणी सगळ्या शिष्यांना, विनंती पेत्रासाठी. मराठी वाचकाला हे टीप न बघता कळते.

उलट, 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीत आहे, हिब्रू-ग्रीकमध्ये नाही. तिथे भाषांतरकाराने निवड केलेली असते. मार्क ४:३८ मध्ये वादळात शिष्य येशूला जागे करतात: बुडतोय! बुडणाऱ्यांत ते येशूला धरतात का? ग्रीक क्रियापद सांगत नाही. दोन मराठी भाषांतरे शेजारी ठेवून अशा जागा तपासा.

मराठी पाठाची भाषा जुनी असल्यामुळे काही शब्द अडतात. 'पाडाव' म्हणजे युद्धकैदी. 'संदेष्टा' म्हणजे देवाचा निरोप सांगणारा. जुन्या लेखनात त्याला 'भविष्यवादी' म्हटलेले आढळते आणि त्यामुळे वाचक यिर्मयाला ज्योतिषाच्या रांगेत बसवतो. २९:११ राशिभविष्यासारखे वाचले जाण्यात या शब्दाचाही हात आहे. मापे आणि नाणी कधी आपल्याकडची घातलेली असतात: मत्तय ५:४१ मधला 'कोस' हा मुळात रोमन मैल, सुमारे दीड किलोमीटरचा. आपला कोस त्याच्या जवळपास दुप्पट भरतो.

८. हस्तलिखितांची चौकशी

बायबलचा मूळ कागद आज कोणाकडे नाही. प्रतींवरून प्रती आहेत. यिर्मयाच्या बाबतीत हा मुद्दा ठळक आहे, कारण त्याचे प्राचीन ग्रीक भाषांतर हिब्रू पाठापेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि अध्यायांचा क्रमही वेगळा आहे. आपला २९वा अध्याय तिथे ३६वा. अकरावे वचनही आखूड: शांतीचा विचार करीन, अनिष्टाचा नाही, असे त्यात आहे, पण 'भविष्य आणि आशा' हे शब्द नाहीत. मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांत १९४७ पासून जी हस्तलिखिते सापडत गेली त्यांत यिर्मयाच्या लांब आणि आखूड अशा दोन्ही पाठांशी जुळणारे हिब्रू तुकडे आहेत. म्हणजे दोन्ही रूपे त्या काळी वाचली जात होती.

हे वाचून घाबरायचे कारण नाही. तळटीपेत 'काही प्रतींत हे शब्द नाहीत' असे दिसले की ती टीप वहीत उतरवा आणि विचारा: यामुळे मुद्दा बदलतो का? इथे बदलत नाही. ३१:१७ मधली आशा ग्रीक पाठात नसली तरी घरे बांधा, सत्तर वर्षे, हिताचे संकल्प ही चौकट दोन्हीकडे शाबूत आहे.

कॅथलिक बायबलमध्ये बारूखच्या सहाव्या अध्यायात 'यिर्मयाचे पत्र' नावाचा मजकूर आहे. तो बाबेलला जाणाऱ्यांना मूर्तिपूजेपासून सावध करतो. आपले पत्र ते नव्हे. ग्रंथालयात शोधताना दोन्हींची सरमिसळ होते, सांभाळा.

९. मग आज हे वचन कोणाला पाठवायचे?

एवढे सगळे केल्यावर काही जण म्हणतात, म्हणजे हे वचन आमचे नाहीच. मला ते पटत नाही. पत्र दुसऱ्यांना लिहिलेले होते हे कळल्यावर ते जास्त जपून हाती घ्यावेसे वाटते. इस्पितळात पडलेल्या माणसाला अकरावे वचन जरूर वाचून दाखवा, पण पाचव्यापासून वाचा. लवकर बरे व्हाल, असे त्यात म्हटलेले नाही. ते म्हणणारा हनन्या होता. त्यात म्हटले आहे ते हे की लांबलेल्या काळातही घर बांधता येते, झाड लावता येते, शेजारच्या परक्याचे भले चिंतता येते आणि या सगळ्यावर देवाचे लक्ष आहे. घर सोडून परमुलखात नोकरी करणाऱ्याला, निर्वासिताला, उपचार वर्षानुवर्षे चाललेल्या माणसाला हे पत्र फार जवळचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

वहीत शेवटी दोन वाक्ये लिहा. पहिले: त्या वेळी त्यांनी काय ऐकले. दुसरे: त्यातले काय आपल्यापर्यंत पोहोचते आणि कोणत्या वाटेने. पहिले वाक्य लिहून झाल्याशिवाय दुसरे लिहायचे नाही. गटात करत असाल तर पहिले वाक्य सर्वांनी मिळून ठरवा, दुसरे ज्याचे त्याने लिहावे.

पुढचा सराव

पुढे हाच क्रम वापरायला तीन वचने सुचवतो.

मत्तय ५:४१, दोन कोस जाण्याचे वचन. रोमन सैनिक रस्त्यावरच्या माणसाला वेठीस धरून ओझे वाहायला लावत, ही पार्श्वभूमी आधी वाचा. तेच ग्रीक क्रियापद मार्क १५:२१ मध्ये कुरेनेकर शिमोनाला वधस्तंभ वाहायला लावतात तिथे येते. पायरी सहा इथे फार फळ देते.

प्रकटीकरण ३:१५-१६, कोमट पाण्याचे. इथे नकाशाची पायरी मोठी होईल: लावदिकिया, जवळचे हिरापलीचे उष्ण झरे आणि कलस्सै.

फिलिप्पैकरांस ४:१३, 'मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे' या आशयाचे. खेळाडूंच्या कपड्यांवर छापले जाते ते हेच. पौल हे बेड्यांत असताना लिहितो आहे (१:१३) आणि विषय आहे त्याला मिळालेल्या आर्थिक मदतीचा. सुरुवात ४:१० पासून करा, विसाव्या वचनापर्यंत थांबू नका, आणि 'सर्व काही' मध्ये बाराव्या वचनातली भूक आणि तंगी धरली आहे का, ते आधी तपासा.